चाळीस आपले, चाळीस परके

लॅबमध्ये तिला सगळे टोपीवाली म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. महिन्यातून तीन-चारदा ती कुणाच्या तरी डोक्यावर बत्तीस भोकांची ताणणारी टोपी चढवायची, एकेका भोकातून बोथट सुईने थंडगार जेल सोडायची, वायरी जोडायची, आणि तासाभराने टोपी उतरवून त्या माणसाला बेसिनपाशी नेऊन कोमट पाण्याने केस धुऊन द्यायची. "पदवी घेतलीस ती लोकांना न्हाऊ घालायला का गं?" असं ताई विचारायची. म्हणजे ताई बोलत होती तेव्हा.

लॅबचं काम सांगायला सोपं होतं. माणसाला ओळखीची वस्तू दिसली की अर्ध्या सेकंदाच्या आत डोक्याच्या मागच्या भागातल्या लहरी वर उचलल्या जातात. अनोळखी वस्तूला त्या जशाच्या तशा पसरून राहतात. एखाद्या वेळच्या लहरीत हे कळत नाही, पण तोच फोटो आठ वेळा दाखवून सरासरी काढली की पडद्यावर एक छोटा उंचवटा दिसतो. लॅबमध्ये त्याला टेकाड म्हणत. "तोंड खोटं बोलेल, बोट चुकीचं बटण दाबेल," सर नव्या लोकांना सांगायचे, "पण टेकाड कुणाच्या भिडेखातर येत नाही." सर हे उभ्याने चहा पिताना सांगायचे. बसून चहा प्यायलेले त्यांना कुणी पाहिले नव्हते.

फोटोंची पद्धत मात्र खास या लॅबची होती. येणाऱ्या माणसाच्या घरच्यांकडून चाळीस फोटो मागवायचे: खोल्या, कपाटं, कपबशा, खिडकीतून दिसणारी भिंत, घरातली माणसं. हे त्याचे 'आपले'. मग परके कुठून आणायचे? मासिकातली चकचकीत घरं चालत नाहीत, ती आपली नाहीत हे कुणालाही लगेच कळतं. म्हणून सरांनी शिरस्ता घालून दिला होता की आधी येऊन गेलेल्या माणसाचे 'आपले' फोटो पुढच्या माणसाला 'परके' म्हणून दाखवायचे. चाळीस आपले, चाळीस परके, सगळे पत्त्यांसारखे पिसून. प्रत्येक फोटोला आपलं की परकं ते माणसाने बटण दाबून सांगायचं. असं करत करत पस्तीस माणसं झाली होती, एकाला एक जोडलेली.

एक हलगर्जीपणा मात्र झाला होता. सरासऱ्या दर महिन्याला काढायच्या असा नियम होता, आणि गेले सहा महिने तो कुणी पाळला नव्हता. नोंद स्वच्छ आहे ना, एवढं बघायचं आणि फाइल बंद करायची. टोपीवालीचं लक्ष त्या सहा महिन्यांत कामावर नव्हतंच.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर तिनेच हिला वाढवलं, शिकवलं, वेळेला कानही पिळला. एका कचेरीत ती नकाशे काढायची, आणि घरातही तिचं तसंच होतं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, कात्री डावीकडे म्हणजे डावीकडेच. आठ महिन्यांपूर्वी ताप आला, मेंदूला सूज आली. सूज उतरली, ताप उतरला, ताई काही परत आली नाही. डोळे उघडे, भरवलं तर गिळायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं तर बसून राहायची. टोपीवाली रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून दिवसभराचं सगळं सांगायची आणि तिच्या पापण्यांकडे बघत राहायची. पापण्या सगळ्यांसाठी सारख्याच लवत होत्या.

दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या एका रुग्णालयात खाट रिकामी होणार होती. शनिवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "त्या तुम्हाला ओळखत असतील तर घरातच ठेवा. ओळखीच्या आवाजांत माणूस परत येण्याची आशा असते. ओळखत नसतील, तर त्यांना ही खोली काय आणि ती खोली काय."

ओळखते की नाही, एवढा एकच प्रश्न. आणि टोपीवालीची उभी नोकरी त्या प्रश्नाचं उत्तर काढण्यात गेली होती.

तिने सरांना विचारलं. सरांनी कप खाली ठेवला. "मंगळवारी सकाळी आण," ते म्हणाले. "पण मन घट्ट करून ये हं. जे दिसेल ते दिसेल."

*

सोमवारी तिने आपल्याच घराचे चाळीस फोटो काढले. ताईचा नकाशांचा उतार असलेला टेबल, तिचा टवका उडालेला कप, स्वयंपाकघरातली अडकणारी खिडकी, दोघींचे पलंग. शेवटचा फोटो स्वतःचा, आरशासमोर, दात न दाखवता. परके फोटो तयारच होते. ताईच्या आधी घड्याळवाले काका येऊन गेले होते, त्यांच्या घराचे.

मंगळवारी तिने ताईचे केस विंचरून टोपी चढवली. काचेपलीकडच्या करड्या खोलीत ताई खुर्चीत टेकून बसली, डोळे पडद्यावर. बावीस मिनिटं फोटो येत गेले. टोपीवाली नोंद बघत होती. नोंद सुरेख होती, लहान मुलाची झोपेत असते तशी स्वच्छ. हात सवयीने चालत होते. सरांनी सरासरी लावली.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक सपाट. दुसरीवर टेकाड, असं ठळक की सरांनी शीळ घातली.

"आहे! तुझी ताई आत आहे," सर म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. मग तिने रेघांचे रंग पाहिले. सपाट रेघ आपल्यांची होती. टेकाड परक्यांना आलं होतं.

"लेबलं उलटी पडली असतील," सर लगेच म्हणाले. "फाइल भरताना तुझा हात थरथरला असेल. बघ जरा."

तिचा जीव भांड्यात पडला. लेबलं उलटी, दुसरं काय! ती फाइल उघडून बसली, एकेक फोटो आणि त्याचा आकडा ताडून पाहिला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा सरांना शेजारी बसवून पाहिला. लेबलं बरोबर होती.

मग तिने फोटोवार सरासरी काढली. घड्याळवाल्या काकांचा चिमट्यांनी भरलेला बाक: टेकाड. काकांच्या मोरीतला निळा मग: टेकाड. काकांची बायको, डोळे किलकिले करून उन्हात उभी: मोठं टेकाड. ताईचा स्वतःचा कप: सपाट. नकाशांचा टेबल: सपाट. सगळ्यात शेवटी आरशासमोरची बाई, दात न दाखवणारी. तिथे रेघ इतकी सपाट होती की तिने वायर निघाली आहे का ते तपासलं.

"तुझी ताई त्या काकांच्या घरी कधी गेली होती?" सरांनी विचारलं.

"नाही हो. ताई काकांना ओळखतसुद्धा नाही."

"मग मशीन," सर म्हणाले. "मशीनच बिघडलंय."

मशीन बिघडलं असेल तर आधीच्या लोकांचंही काहीतरी बिघडलेलं दिसेल. दुपारी ताईला घरी पोचवून, सांभाळणाऱ्या मावशींच्या हवाली करून ती परत आली आणि साठलेल्या सरासऱ्या काढायला बसली. काकांपासून सुरुवात केली. काकांना स्वतःच्या घराचे फोटो सपाट होते. त्यांचं टेकाड त्यांच्या आधी येऊन गेलेल्या शिवणकामवाल्या बाईंच्या घराला होतं. त्या बाईंचं टेकाड त्यांच्याही आधीच्या माणसाच्या घराला. ती मागे मागे जात राहिली. एकोणीस नंबरपर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं. विसाव्या माणसापासून प्रत्येकजण एक घर सरकला होता.

बटणं मात्र ताई सोडून सगळ्यांनी बिनचूक दाबली होती. आपल्याला आपलं, परक्याला परकं. बोटांना ठाऊक होतं. फक्त आत कुणी होकार देत नव्हतं.

तिने विसाव्या माणसाच्या दिवसाचं रजिस्टर काढलं. तिचंच अक्षर. 'टोपी धुतली. दोन वायरी बदलल्या. माणूस वेळेवर आला, वेळेवर गेला.' एवढंच.

*

बुधवारी सकाळी तिने काकांना फोन केला. जेलने खाज वगैरे सुटली नाही ना, असं निमित्त काढलं.

"छे छे, काही त्रास नाही," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. घरात जरा पाहुण्यासारखं वाटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... बायको हसते मला. म्हणते, पाणी घेऊ का असं विचारून पाणी पिता. बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. मी म्हटलं, वय झालं." ते हसले, पण हसणं मध्येच सुटलं. "परवा एक गंमतच झाली. दुकान बंद केलं आणि भलत्याच जिन्याने वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर. बेलवर बोट ठेवलं आणि मग लक्षात आलं, हे आपलं घर नाही. आत शिवणाचं मशीन चाललं होतं. इतकं बरं वाटलं हो ते ऐकून. जिन्यात उभा राहून ऐकत होतो."

तिने काहीतरी बोलून फोन ठेवला.  शिवणकामवाल्या बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, हे तिने रजिस्टरमध्ये पाहून घेतलं.

अकरा वाजता सदतिसावा माणूस येणार होता. पोहायला शिकवणारे मास्तर. तिशीतला, दांडगा, बोलायला लाजणारा माणूस, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. पद्धतीप्रमाणे त्यांचे परके म्हणजे ताईचे फोटो. म्हणजे तिच्या स्वतःच्या घराचे. तिला त्यांना परत पाठवता आलं असतं. वीज नाही म्हणाली असती, टोपी फाटली म्हणाली असती. पण मशीन बिघडलंय की नाही ते कळायला हवं होतं, आणि शनिवार तीन दिवसांवर होता. मशीन बिघडलं असेल तरच ताई तिला ओळखत असण्याची आशा होती. तिने मास्तरांच्या डोक्यावर टोपी चढवली.

मास्तरांना त्यांच्या आईच्या वेताच्या खुर्चीला टेकाड आलं नाही. कठड्यावर वाळत घातलेल्या टॉवेलांना नाही, पिवळ्या बादलीला नाही, जाड चष्म्याच्या आईलाही नाही. ताईच्या कपाला आलं. अडकणाऱ्या खिडकीला आलं. आरशासमोरच्या बाईला असं आलं की तेवढं मोठं टेकाड तिने त्या लॅबमध्ये आजवर पाहिलं नव्हतं.

त्या बाईच्या फोटोलाही मास्तरांनी आठही वेळा परकं म्हणूनच बटण दाबलं होतं.

बेसिनपाशी तिने मास्तरांचे केस धुऊन दिले. टॉवेल डोक्याला गुंडाळून ते वर आले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही, मॅडम. तुम्ही नीट जेवत नाही का?" आणि मग त्यांचे कान लाल झाले. "सॉरी हं. काय बोलून गेलो कुणास ठाऊक."

*

"तू बस," सर गुरुवारी म्हणाले. "ठणठणीत माणूस, डोकं जाग्यावर. तुझे आपले म्हणजे तुझं घर, फोटो आहेतच. परके मास्तरांचे. ते तू काल काचेतून पाहिलेत, त्यामुळे थोडं टेकाड त्यांनाही येईल. ते सोडून देऊ. तुझ्या स्वतःच्या घराला आलं म्हणजे मशीन धडधाकट आहे. नाही आलं तर मशीन भंगारात, आणि तुझ्या ताईची नोंद रद्द."

तिला हे पटलं. किंवा पटवून घ्यावंसं वाटलं. ताईची नोंद रद्द, हे दोन शब्द ऐकायला ती मंगळवारपासून आसुसली होती.

सरांनी टोपी वाकडी बसवली, तिने ती हाताने सरळ केली. जेल कानामागून ओघळलं. करड्या खोलीत पलीकडे बसायची सवय नव्हती. इथून काच म्हणजे नुसता काळा चौकोन होता. फोटो येऊ लागले. कप. वेताची खुर्ची. खिडकी. पिवळी बादली. ताई. तिने प्रत्येकाला बरोबर बटण दाबलं आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, हो, हे माझं. हे नाही.

सर आत आले तेव्हा त्यांच्या हातात चहा होता आणि ते खुर्चीत बसले.

"आपल्यांना आलं?" तिने विचारलं.

"मशीनच गेलंय," सर म्हणाले. "कळवतो कंपनीला."

"सर, मला दाखवा."

"काय बघायचंय त्यात? उद्या सुट्टी घे. घरी राहा, ताईजवळ बस." तिच्या डोक्यावरची टोपी त्यांनी काढली, पण केस धुवायला ती उठली तेव्हा ते मागे सरून उभे राहिले, अनोळखी माणसाला वाट द्यावी तसे.

संध्याकाळी ती घरी आली. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि दिव्याचं बटण चाचपलं. उजवीकडे भिंत गुळगुळीत होती. बटण डावीकडे आहे हे तिला ठाऊक होतं. सतरा वर्षं ठाऊक होतं. मावशी गेल्या. तिने सूप गरम केलं, ताईला भरवलं, समोर बसून दिवसभराचं सांगायला तोंड उघडलं. काय सांगावं ते सुचेना. नवख्या ठिकाणी बोलायला विषय सापडत नाही, तसं काहीसं झालं. शेवटी ती हवापाण्याबद्दल बोलली.

झोपताना तिने मनाला बजावलं की हे धास्तीने होतंय. चार दिवस धड झोप नाही, खाणं नाही. माणूस एवढा घाबरला तर स्वतःचा हातही त्याला परका वाटेल. मग ती बराच वेळ आपला हात बघत पडून राहिली.

*

शुक्रवारी दुपारी बेल वाजली.

दारात मास्तर उभे होते. गळ्यात शिट्टी, केस ओले.

"तुम्ही? इकडे कसे?"

"खरं सांगू, मॅडम, मलाच कळत नाहीये. पोरांना पाण्यातून बाहेर काढलं, कपडे बदला म्हटलं आणि निघालो."

"पत्ता कुणी दिला?"

"पत्ता?" ते गोंधळले. "पत्ता कशाला लागतो?"

त्यांना आत घ्यायला नको, असं तिला वाटलं. पण ते आत आलेच होते. न बघताच हात डावीकडे नेऊन त्यांनी दिवा लावला. स्वयंपाकघरात गेले, अडकणारी खिडकी वर उचलून, आत दाबून, मग बाहेर ढकलली. ती खिडकी फोटोत होती. ती कशी उघडते हे फोटोत नव्हतं.

मग ते ताईजवळ जमिनीवर बसले. फार दिवसांनी घरी आलेला माणूस बसतो तसे, पाय पसरून.

"खारूटे," ते म्हणाले.

टोपीवाली चार पावलं पुढे आली. लहानपणी ती उशीच्या अभ्र्यात गोळ्या लपवून ठेवायची, खारीसारख्या, म्हणून ताईने हे नाव पाडलं होतं. या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारायचं.

"खारूटे, तो रेडिओ. रोज सकाळी माझ्या— ताईच्या सोबतीला लावून जातेस. काटा स्टेशनच्या जरासा अलीकडे राहतो. दिवसभर नुसती खरखर. आठ महिने. ओरडून सांगावंसं वाटायचं."

"कुणाला?"

 ताईच्या मांडीवरचा हात त्यांनी हातात घेतला आणि ते बोलत राहिले, हळू, दमून, खूप साठलेलं बोलावं तसं.

"ती ओळखत होती तुला. रोज. तू जिना चढायला लागलीस की कळायचं. दुसऱ्या मजल्यावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतेस. सूप जास्त गरम असलं की तूच आधी फुंकर मारतेस आणि मग सॉरी म्हणतेस. एकदा पलंगाशी बसून रडलीस, मला टाकून जाऊ नकोस म्हणालीस. सगळं ऐकू येत होतं. बोट हलवायचं होतं, फक्त एक बोट. हलायचं नाही."

खोलीत खिडकीतून वारा आला. ताईचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. कुठल्यातरी दुकानातल्या लंबकांकडे बघावं तशी तिची नजर किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे होत होती.

"मंगळवारपर्यंत," मास्तर म्हणाले. "मंगळवारपर्यंत ओळखत होती."

हेच तर हवं होतं. आठ महिने याच एका वाक्यासाठी ती पापण्या मोजत बसली होती. ताई आत होती. ताईला सगळं कळत होतं. आणि तिला तिथून हुसकलं कुणी, तर आपणच, आपल्या हाताने केस विंचरून, टोपी चढवून.

हे सगळं तिला समजलं. अगदी स्पष्ट समजलं.

रडू यायला हवं होतं. ती रडू येण्याची वाट पाहत उभी राहिली.

खुर्चीत एक बाई बसली होती. बारीक, पिकलेल्या केसांची, नीटनेटकी. चेहरा चांगला होता. तिचं नाव टोपीवालीला ठाऊक होतं, जन्मतारीख ठाऊक होती, औषधांच्या वेळाही.

तिने पुन्हा वाट पाहिली. काही आलं नाही.

तिला एकदम फार भीती वाटली, आणि मग ती भीतीही ओसरली. उरला तो थोडा संकोच. दुसऱ्यांच्या घरातल्या नाजूक गोष्टी ऐकत आपण इतका वेळ इथे उभ्या आहोत, याचा.

"बरं झालं हो, तुम्ही सांगितलंत ते," ती म्हणाली. "त्यांच्या बहिणीला हे कळवायला हवं."

मास्तरांनी मान डोलावली. उतरत्या टेबलाच्या खणातून, न शोधता, त्यांनी फणी काढली आणि ताईचे केस विंचरायला घेतले. भांग बरोबर जिथे असतो तिथेच पाडला.

तिने पर्स उचलली. "येते मी. उशीर होईल."

"दार ओढून घे," ते मागे न बघता म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. ती थांब्यावर उभी राहिली, आलेल्या बसमध्ये पाटी न वाचता चढली, आणि एका ठिकाणी उठून उतरली. डोक्यात आता काही गोंधळ नव्हता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला घरी जायची ओढ वाटत होती. चार जिने चढताना कठड्याचा तुटलेला भाग तिच्या हाताने आपोआप टाळला.

दार साधं होतं, तपकिरी, कुलपाशेजारी अंगठा टेकतो तिथे रंग झिजलेलं. चाळीस फोटोंमध्ये ते बाहेरून कुठेच नव्हतं.

तिने चवड्यांवर उभं राहून चौकटीच्या वर हात फिरवला. किल्ली डाव्या कोपऱ्यात होती.

कुलूप फिरलं तशी आतून वेताची खुर्ची करकरली आणि एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं, "कोण आहे?"

"मीच गं आई," ती म्हणाली, आणि आत जाऊन उजवीकडे दिवा लावला.